तिसरे आभार

१७ एप्रिल, सकाळ

चि. राजा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आम्ही तिघी बऱ्या आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. खालच्या मजल्यावर एक नळदुरुस्तीवाला राहायला आला आहे. त्याने मोरीचा नळ फुकटात नीट करून दिला आणि तेव्हापासून रोज चहाला येऊन ते वसूल करतो.

तू तीन गोष्टी विचारल्यास. मुंगीचा शाळेतला निरोप समारंभ कसा झाला, तुझ्याबद्दल काही बोलली का, आणि दोघींचं सामान बांधून झालं का. क्रमाने सांगते.

त्या शाळेची रीत तुला ठाऊक नसेल, तू कधी गेलाच नाहीस. प्राथमिक शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाने माइकसमोर येऊन तिघांचे आभार मानायचे. एक शिक्षक, एक मित्र, एक घरचं माणूस. शिक्षक कोण, ते चिठ्ठी उचलून ठरतं. मुंगीच्या चिठ्ठीत गणिताचे सर निघाले. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तिथे येऊन बसली.

"आजी, सरांबद्दल काय बोलू? खरं की चांगलं?"

"दोन्ही. चांगलं असं काहीतरी खरं शोध आणि नेमकं सांग. सगळ्याबद्दल धन्यवाद म्हणणारा कशाबद्दलच आभारी नसतो."

"नाही सापडलं तर?"

"नीट शोधलं की सापडतं. प्रत्येकात असतं."

तिने नीट शोधलं. चूक तिची नाही.

हॉल भरलेला, लोखंडी खुर्च्या, माइक मधूनमधून किंचाळत होता. बाकीच्या मुलांनी खूप खूप धन्यवाद, खूप खूप धन्यवाद केलं. मग मुंगी उभी राहिली. हात मागे, मान ताठ, मी शिकवलं तसं.

"गणिताच्या सरांचे आभार. तुम्ही मला नेहमी डाव्याच हातावर मारलंत, त्यामुळे उजव्या हाताने मला लिहिता आलं."

वर हसलीसुद्धा. चारदोन पालकांनी टाळ्या सुरू केल्या आणि मध्येच त्यांचे हात थांबले. मी त्या डाव्या हातावरचे वळ पाहिले होते, राजा. विचारलंही होतं. "पडले," म्हणाली होती.

"माझ्या मैत्रिणीचे आभार. सरांनी तिचं डोकं फळ्यावर आपटल्यापासून तिला एका कानाने ऐकू येत नाही. म्हणून ती पुढे माझ्याशेजारी बसायला आली आणि आमची मैत्री झाली. हे आमचं गुपित होतं, पण आज शेवटचा दिवस आहे."

ती मैत्रीण म्हणजे आपल्या शिंप्याची मुलगी. शिंपी तुझ्या ओळखीचा आहे. माप घेतानासुद्धा "हात लावू का" असं विचारणारा माणूस. मुलीने घरी चेंडू लागल्याचं सांगितलं होतं आणि हा तिला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवत होता. तो उभा राहिला. आवाज अगदी हळू.

"सर, खरं आहे का हो हे?"

"मुलं काय वाट्टेल ते बोलतात. तुम्ही बसा."

"तुम्ही बसा" ऐकलं आणि शिंप्याने खाली पाहिलं, जणू खुर्ची कुठे आहे ते शोधतोय. ती घडी करून उचलली, स्टेजवर चढला आणि सरांच्या तोंडावर हाणली. तो आवाज मी अजून ऐकते आहे. सर टेबलावर कोसळले, प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर रक्त उडालं. मुख्याध्यापिका माइक हातात घेऊन म्हणत होत्या, "पालकांनी कृपया जागेवर बसून घ्यावं, कार्यक्रम अजून संपलेला नाही." त्या बाईंचा सभ्यपणा मी जन्मात विसरणार नाही.

बाकीचे बाप धावले. मला वाटलं सोडवायला. त्यांनी शिंप्याला बाजूला सारलं आणि स्वतः सुरू झाले. प्रत्येकाच्या घरी एक "पडलो" होतं बहुतेक. लाथा, बुक्के, कुणी पट्टा काढलेला. सर आधी ओरडत होते, मग ओरडेनासे झाले. मुलं भिंतीला चिकटून रडत होती.

मी उठले नाही. पोलिसांना सांगितलं, गुडघ्यामुळे. तुला खरं सांगते, मला ते थांबवायचं नव्हतं. बरं वाटत होतं. मारणाऱ्याला मार बसतोय आणि मी बघते आहे, याचं बरं वाटत होतं. मग माझीच मला भीती वाटली तेव्हा उठले आणि मध्ये घुसले. दंडावर कुणाचा तरी ठोसा बसला, तो भाग अजून निळा आहे. सरांचा जबडा मोडला आहे, एका डोळ्याचं सांगता येत नाही. ते दवाखान्यात, शिंपी जामिनावर. शाळेने पत्रक काढलं आहे की घडला प्रकार खेदजनक आहे. कोणता प्रकार, ते लिहिलेलं नाही.

हा झाला समारंभ.

आता दुसरा प्रश्न. या गोंधळात मुंगी माइकपाशीच उभी होती, कारण तिचे तिसरे आभार राहिले होते. घरचं माणूस. मला वाटलं, मीच असणार. आजी झालं की असले मोह होतात. मी तिला खाली घ्यायला वर गेले, तुझी बायको दुसऱ्या बाजूने आली. माइक कधीच बंद पडला होता. ऐकलं ते फक्त आम्ही दोघींनी.

"बाबांचे आभार. आईला मारायचं असलं की ते आधी मला दुसऱ्या खोलीत पाठवून बाहेरून कडी लावायचे. त्यामुळे मला बघावं लागलं नाही."

तू विचारलंस, म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर मी सूनबाईला विचारलं, "कधीपासून?"

"जाऊ द्या ना, आई."

"नाही जाऊ देणार."

तिने बाही वर केली. ते कोपर सरळ होत नाही. तुझी बदली झाली आणि मुंगीची शाळा मोडू नये म्हणून तू दोघींना क्वार्टरमधून माझ्याकडे आणून सोडलंस, तेव्हा ती म्हणाली होती की बाथरूममध्ये घसरले. मी तिला साबण जपून वापर म्हणून बजावलं होतं. विचार कर, साबण!

तुझ्या वडिलांनी माझ्यावर कधी आवाजही चढवला नाही. मग तू हे कुठून आणलंस? मी उत्तर मागत नाही. पण तुला ते माहीत असलं पाहिजे.

मुंगी विचारते, "मी खरं बोलले, नीट बोलले, मग सरांना का मारलं सगळ्यांनी?" तिला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही. एवढं मात्र सांगितलं, की यापुढे कुणी मारलं तर त्यातलं चांगलं शोधत बसायचं नाही. घरी येऊन नुसतं सांगायचं, लगेच.

तिसरा प्रश्न सामानाचा. बांधलेलं नाही, बांधणार नाही. मुंगीचं नाव इथल्या माध्यमिक शाळेत घातलं आहे. वकीलबाईंकडे सूनबाई स्वतः बोलली, मी बाहेर बाकावर बसले होते. त्यांची नोटीस तुला येईल. ती वाचून धक्का बसू नये, म्हणून हे पत्र.

यायचं असेल तर ये. तू माझा मुलगा आहेस, मी वाढेन आणि ऐकून घेईन. त्या दोघी समोर येतील की नाही, ते त्या ठरवतील. आवाज चढलाच, तर पोलिसांना फोन मी करीन, आणि तक्रारीवर सही माझी असेल.

दारावर थापा मारू नकोस. बेल वाजव आणि थांब. दारावर थाप पडली की मुंगी अजूनही आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसते.

उघडायला मीच येईन.

तुझी,
आई