तुझ्या सिनेमातली सावकी

सुमन,

पत्रात आधी 'प्रिय' लिहायचं असतं. पण आपल्यात तसलं काही नव्हतं, मग आता तू गेल्यावर कशाला? तीन वर्षं झाली तुला जाऊन. इतक्या दिवसांत लिहावंसं वाटलं नाही. पण दहाएक दिवसांपूर्वी तो सिनेमा पुन्हा बघितला आणि त्यापायी घरात जे झालं, ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

कुठला सिनेमा, आठवतं? तू आठ वर्षांची असताना शाळेत दाखवला होता, चित्रांचा. खिडक्यांना सतरंज्या टांगून भर दुपारी अंधार केलेला. मला तुमच्या घरात येऊन चार महिने झाले होते. तुझे बाबा कंपनीत, म्हणून तुझ्यासोबत मी. सिनेमा इंग्रजीत, आणि मास्तर पडद्याशेजारी उभं राहून गुजरातीत समजावणार. मी धुळ्याकडची, चौथी शिकलेली. मला ना ते कळलं ना हे. काळ्या झग्यातली एक बाई राजकन्येला पेल्यातून दूध पाजते आणि पोरीचं हरीण होतं, एवढं दिसलं. मला वाटलं चेटकीण असेल. तुझ्याबरोबर मीही तिला शिव्या घातल्या.

संध्याकाळी तू मला म्हणालीस, "तू माझी सावकी आहेस."

त्याआधी तू मला कसलीच हाक मारत नव्हतीस. समोर येऊन उभी राहायचीस आणि बोलायला लागायचीस. मी समजले, सावकी म्हणजे सावकाश, शांत स्वभावाची. म्हटलं, पोरीने माझा गुण ओळखला. दुसऱ्या दिवशी नळावर मी आपणहून सांगितलं, "आमची सुमन मला सावकी म्हणते." बायकांनी हसू लपवायला हंड्यांवर माना घातल्या. शेवटी शेजारच्या जयाबेनला माझी दया आली. "अरे बेन, सावकी एटले सावत्र," म्हणाली. सिनेमातल्या त्या बाईला मास्तर तेच म्हणत होते.

अकरा दिवस तू माझ्या हातचं दूध प्यायली नाहीस. ताटलीही नको. जयाबेनच्या दारात जाऊन उभी. चाळभर झालं की नवी बाई पोरीला उपाशी मारते. बाराव्या दिवशी तू पेला भिंतीवर फेकलास आणि मी तुला मारलं. पुढे एकदा शाळा बुडवून नरोलीला फिरायला गेलीस, तेव्हाही मारलं. दोनदा. मी काही लपवत नाही.

तर आता जयाबेनकडे केबल आली आहे आणि तिच्यावर तोच सिनेमा हिंदीत लागला. तुझी सोनल, तू गेल्यापासून माझ्याकडेच असते, ती पुढ्यात बसलेली, मी तिच्यामागे शेंगा सोलत. या खेपेला शब्द न् शब्द कळला. काय तो सिनेमा, सुमन! तुला यात काय दिसलं होतं? ती राजकन्या सगळा दिवस गाणी म्हणते. अंगण तिच्याच्याने झाडून होत नाही, पाखरं येऊन झाडतात. आमच्या छपरावरची कबुतरं कधी झाडू उचलताना दिसली नाहीत मला, घाण तेवढी करतात. आणि ती सावत्र राणी! भुवया कमानीसारख्या, नखं ही एवढी, आणि दिवसभर आरशापुढे उभी राहून पोरीला छळायचे बेत करते. हिला धुणंभांडी नाहीत? दुसऱ्याचं पोर छळायलाही सवड लागते बाई. मला कुठे होती?

राजा कुठे होता म्हणशील तर शिकारीला. घरात त्याच्या पोरीचं हरीण झालं आणि हा बाहेर हरणंच मारत हिंडतोय! त्याला कोणी एक शब्द विचारत नाही. शेवटी पोरीला मिठी मारतो, की झाला चांगला बाप. सिनेमा काढणाऱ्याला एवढंही सुचलं नाही की दुसरी बायको घरात आणली कोणी?

मी हसून सोडून दिलं असतं. पण सोनलने सोडलं नाही.

तुझ्या नवऱ्याने दिवाळीनंतर दुसरं लग्न केलं. वनिता नाव, किलवणीची, त्याच्याच कंपनीत पॅकिंगला आहे. या सुट्टीत सोनलने त्यांच्याकडे नरोलीला राहायला जायचं आणि रमली तर तिथेच शाळेत घालायचं, असं ठरलेलं. वनिता रविवारी न्यायला आली, डब्यात शेवयांची खीर घेऊन. सोनल माझ्यामागे लपली. "मी नाही खाणार. ही सावकी मां आहे. माझं हरीण करेल."

वनिता डब्याचं झाकण हातात धरून तशीच बसली. मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, पुढच्या रविवारी ये.

पोर माझ्याकडेच राहिली असती, सुमन. मला नुसतं गप्प बसायचं होतं. खरं सांगू, दोन दिवस गप्प बसलेही.

तिसऱ्या दिवशी तिला समोर बसवून सांगितलं, "मी तुझ्या आईची सावकी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग तू तिला काय केलंस?"

"दूध दिलं. दोनदा मारलं. तापात रात्री काढल्या."

"ती हरीण झाली?"

"नाही. लग्न करून नरोलीला गेली."

ती उठून जयाबेनकडे जेवायला गेली. दोन दिवस तिकडेच जेवली. मी बोलावलं नाही.

एक विचारू? तुझ्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नर्सने माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण, तेव्हा तू चांगली मोठ्याने म्हणालीस, "मारी सावकी मां छे." आणि तिच्यादेखतच सोनलला माझ्या मांडीवर ठेवलंस. सोनलच्या सख्ख्या आत्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मग मलाच का? कावीळ डोक्यात गेली होती की विचार करून केलंस? सांगायला हवं होतंस.

काल रविवार. वनिता पुन्हा आली. सोनल दारातच तिला म्हणाली, "तू मला मारणार?"

वनिता म्हणाली, "माहीत नाही गं. अजून कोणाला मारलं नाही मी."

मला ते उत्तर आवडलं. सोनलनेही जरा विचार केला आणि चपला घातल्या. जाताना माझ्याकडे वळून बघितलं नाही.

आता ऐक. ती रडली म्हणून मी तिला आणायला धावणार नाही. वनिताच्या घरात काय शिजतं ते नळावर विचारणार नाही, आणि कोणी सांगायला आलं तर त्याला उभं करणार नाही. सोनल आपल्या पायांनी आली तर दार उघडं आहे. नाही आली, तर तिला तिकडे बरं वाटतंय असं समजेन आणि तोंड मिटून राहीन. एवढं मी तुला लिहून देते.

सोनलची आजी