“आपलेच न?”

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार
ब्लॉक मिळाला एकदाचा. वर्ध्याच्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानांवर, माडीवरच्या दोन खोल्या. इमारत घरमालक रामभाऊंच्या आजोबांच्या वेळची, पण वरचं सगळं आत्ताच नवं केलंय. फरशी, पांढरा डिस्टेंपर, स्वतंत्र नळ. खिडकीत उभं राहिलं की अख्खा बाजार, कापसाच्या गाड्यांसकट. बायको, शोभा, खूश.
रामभाऊ म्हणाले, “वानखेडे म्हंजे आपलेच न?”
“हो जी, सेलूकडचे.”
वानखेडे कुणब्यांत आहेत, आम्हा बौद्धांतही आहेत. त्यांनी जात विचारली, मी गाव सांगितलं. खोटं बोललो नाही. खरंही नाही. आधीची दोन घरं याच प्रश्नावर गेली.

४, बुधवार
बुद्धाचा फोटो पेटीतच. शो. म्हणाली, “किती दिवस?” म्हटलं, जरा ओळख होऊ दे. तोंड फिरवून बसली.
समोरच्या भिंतीत खिळ्याचं भोक आहे, पुट्टीनं बुजवलेलं. नखानं खरवडलं. डिस्टेंपरखाली निळा रंग. आधी कोण राहत होतं? खालच्या पानवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. “ते? गेले न जी.” पुढं काही नाही, चुना लावत बसला. गेले की घालवले?

७, शनिवार
इंदूकाकू (रामभाऊंची बायको) वांग्याची भाजी घेऊन आल्या. संध्याकाळी शो. वाटी घासून, साखर घालून परत द्यायला गेली. काकूंनी साखर घेतली, वाटी नाही. “राहू दे व तुह्याच जवळ.”
वाटीवर रामभाऊंचं नाव कोरलंय. नाव कोरलेली वाटी कोणी देऊन टाकतं का? शो. म्हणते, चांगुलपणा आहे, तुम्हालाच सगळीकडे काळं दिसतं. असेल. ती शहरात वाढली, तिला वेगळं भांडं मिळालं नाही कधी. मला गावात मिळालंय.

१०, मंगळवार
काकू वर आल्या, नळ गळतो का पाहायला. शो.नं चहा विचारला. “नोको, आज उपास हाये.”
उपासाला चहा चालतो, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!
कळलंय यांना. तर मग बोलत काऊन नाहीत?

१३, शुक्रवार
जिन्यात रामभाऊंनी गाठलं. “तुमचं कुलदैवत कोन्तं जी?” म्हटलं, ऑफिसला उशीर होऊन राह्यला. तासभर आधी पोचलो, कुलूपही उघडलं नव्हतं. पस्तिशीचा माणूस, जिन्यातून पळतो. स्वतःचीच लाज वाटली.

१५, रविवार
आईचं कार्ड. पुढच्या रविवारी येतेय, घर पाहायला. आई भेटेल त्याला जयभीम घालते, बसच्या कंडक्टरलाही. तिला काय लिहू? ‘जिन्यात गप्प राह्यजो’? निम्मं लिहिलं. फाडलं.

२२, रविवार
आई आली. काकू जिन्यापाशी तूर निवडत होत्या. आईनं पिशवी खाली ठेवली, हात जोडले. “जयभीम, बाई.” पानवाल्यानं मान वर केली, एवढा खणखणीत.
काकू थांबल्या. सूप मांडीवर तसंच. मग म्हणाल्या, “या आजी. पायरी उंच हाये, सांभाळून.” बस.
वर येऊन आईनं चारी भिंती पाहिल्या. “फोटो कोठी हाये?”
पेटीकडे बोट केलं.
“मंग हे घर मालकानं तुले देल्लं, का दुसऱ्याच कोनाले?”
पेटी उघडली. त्याच भोकात खिळा ठोकला, दोन घावांत बसला.
आवाज ऐकून काकू वर आल्या. फोटोकडे पाहिलं, बराच वेळ. आईनं आपला चहा त्यांच्यापुढं सरकवला. काकू खाली टेकल्या. कप उचलला. दोन घोट घेतले.
तेवढ्यात खालून रामभाऊंची हाक. “अवं, खाली ये.” कप ठेवून गेल्या.
अर्धा चहा तसाच आहे. हाक आली म्हणून ठेवला, की हाक येईल हे माहीतच होतं? शो. कप घासायला नेत होती. म्हटलं, राहू दे.
आई म्हणते, झाक तरी. माशी पडंल.
जिन्यात पावलं वाजताहेत. एकाची की दोघांची, कळत नाही.