गुरुदासचे हिरे

मिठबांव,
मे १९५८

प्रिय गुरुदास,

तुझं पत्र पोचलं. टेकाडावरची हापूसची कलमं तोडून तिथे हिऱ्यांची खाण काढायची आणि त्याला मोठ्या बहिणीची संमती हवी, हे वाचून आधी हसू आलं, मग तुझी कीव आली. मुंबईत राहून माणूस शहाणा होतो, असं आई म्हणते. तिला काय, ती आई आहे.

त्या पांढऱ्या दगडाने काच कापली जाते, हा म्हणे तुझा पुरावा. अरे, काचेवर चरा कुठलीही गारगोटी उठवते. माझ्या वर्गातल्या पोरींनी तिने शाळेच्या खिडकीवर नावं कोरलीत, त्यांना कुणी जव्हेरी म्हटलं नाही. अंधारात दोन दगड घासले की उजेड पडतो, हा दुसरा. लहानपणी घोंगडीत शिरून आपण तेच करायचो आणि जळका वास आला की आई ओरडायची, "मेल्यांनो, हांतरूण जाळशात!"

आता आकार बघ. आपल्या टेकाडात गारगोटी निघालीच तर कोनेरी, धारेची निघते. तुझे हिरे अंड्यासारखे गुळगुळीत. इतकं घोटायचं काम लाटांचं, आणि समुद्र काही टेकाड चढून आला नाही. शिवरात्रीला कुणकेश्वराला गेलेल्याने किनाऱ्यावरची एक गारगोटी आणून टेकाडावर, जागा राखणाऱ्या देवापाशी, राखणदारापाशी ठेवायची, ही आपल्या घरची रीत तू विसरलास. पणजोबांपासूनची ती रास शिमग्याला येऊन तू उपसलीस आणि तिला खाण म्हणालास. अप्पांच्या खांद्यावर बसून तू आणलेले दगडही त्यातच आहेत. स्वतः ठेवलेला दगड शोधून काढणारा संशोधक मी दुसरा पाहिला नाही.

संमती मिळणार नाही. एवढंच सांगायचं असतं तर कार्डावर भागलं असतं. अप्पा वारले त्याच्या आधीच्या शिवरात्रीला, धाप लागत असताना त्यांनी आणलेली गारगोटी तुझ्या गोणीतून मुंबईला गेली आहे. आईला आताशा नीट दिसत नाही. तरी तिन्हीसांजेला ती तिथे दिवा लावायला जाते, हाताने चाचपते आणि विचारते, "गो सुगंधा, तेंचो दगड खंय गेलो?" गुरांनी लाथाडला असेल, असं मी सांगते. म्हणून ही सगळी शिकवणी. अप्पांची गारगोटी दुधी रंगाची, मधून तांबडी शीर, एका टोकाला टवका उडालेला. जव्हेरी तीच पहिली फेकून देईल, त्याच्याआधी तू शोध. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः आण आणि आईच्या हातात दे.

तुझीच,
सुगंधाताई