सिहोऱ्याचे हौद कोणाचे

मी, सत्यवती लक्ष्मणराव चवरे, राहणार चेरीताल, जबलपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घरच्यांना तो लागणार नाही, माझ्या डोक्याचा ताप त्यांनी जन्मभर सोसला आहे.

१. चेरीतालचं घर व बँकेतली ठेव मुलगा केतन यास. सिहोऱ्याचा कातडी कमावण्याचा कारखाना त्याला नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरणारं कातडं त्याला क्रोम रसायनाच्या पिंपात झटपट हवं होतं. म्हणे, "आई, जमाना कुठं चालला अन् तू अजून साल काहून कुटून राहिली?" अरे बाबा, आपली मुरलेली साल खत होऊन शेतात जाते. तुझं क्रोमचं पाणी कुठं सोडशील, शेजाऱ्याच्या विहिरीत? पोरगा वाईट नाही, पण उतावळा आहे.

२. कातडं कापायची माझी रापी कारखान्यातल्या बेबीला. कातड्याची पिशवी शिवून, तीत सालीचं पाणी भरून टांगायची आमची पद्धत. बेबीचा टाका सुटलेला मी पाहिला नाही.

३. दीर भय्यासाहेब आमच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहत. पायात मात्र आमचीच चप्पल! त्यांना नवा जोड द्यावा. रुमाल त्यांनी घरून आणावा.

४. आम्ही आपल्या मौतीनं मेलेल्या जनावराचंच कातडं घेतलं. हा नेम मोडणाऱ्यानं माझं नाव कारखान्याच्या पाटीवरून पुसावं.

५. राहिला कारखाना. सून मोना नेपियर टाउनच्या कोचिंग क्लासची नोकरी सोडून माझ्यासोबत कातडं मुरवायच्या हौदात उतरली, म्हणून तिच्या नावे लिहायला वकील बोलावले. तर ती म्हणाली, "आई, तुम्ही गेल्यावर नको. अभी दो. माझं चुकलं तर रागवायला तुम्ही पाहिजे ना!" वकिलांसमोर मला रडू फुटलं. काल बक्षीसपत्राची नोंदणी झाली. सबब कारखाना या मृत्युपत्रात नाही. तो मोनाचा आहे आणि आज सकाळपासून मी तिच्याकडे कामाला आहे.

साक्षीदार: ज्योती वानखडे, अंजनी दुबे
सही: सत्यवती चवरे
जबलपूर, ११ नोव्हेंबर २०२५