पाठीवरचे जांभळे पट्टे

तैनान, थडगी झाडण्याचा सण उलटल्यावर

चि. आ-श्यांग यास ताईचे आशीर्वाद. तू आणि मेइ-चू, दोघं नवरा-बायको खुशाल असाल. निदान तसं कळवता तरी.

मी बरी आहे, म्हणजे आता बरी आहे. मध्यंतरी पाठ धरली होती. शेजारच्या खिम मावशी म्हशीच्या शिंगाची फणी आणि तेल घेऊन आल्या (बोलावलं नव्हतं) आणि अंगातली उष्णता निघावी म्हणून माझी पाठ घासून काढली. आईकडून तुला-मला आलेलं हे दाट रक्त, त्यावर आपण दोघं घेतो त्या ते पातळ करायच्या गोळ्या, हे त्यांना समजावताना माझा घसा सुकतो. वांग्यासारखे पट्टे उठले. मावशींनी गल्लीतल्या बायकांना बोलावून ते दाखवले. पुढे जिथे फणी लागलीच नव्हती तिथेही डाग दिसू लागले, तर म्हणाल्या, "उष्णता वाट शोधतेय, शोधू दे." हिरड्यांतून रक्त आलं, तर शेवंतीचा चहा आणला. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा म्हणाल्या, "डुकराच्या रक्ताचं सूप प्यायली असशील."

आ-श्यांग, हे गेल्यापासून या घरात ते सूप झालेलं नाही. पक्षाघातानंतर त्यांनाही याच गोळ्या होत्या. त्यांनाही असंच काळं झालं होतं आणि सगळ्यांनी सूपाचंच नाव घेतलं, त्यांनीसुद्धा. मी ते गेल्यावर गोळ्यांच्या डब्यातली बारीक अक्षरांतली चिठ्ठी भिंग लावून वाचली. त्यात हे सगळं होतं.

म्हणून सरळ इस्पितळ गाठलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहून दार लोटलं आणि हळूच विचारलं, "घरी कोणी हात उगारतं का?" मी म्हटलं, "घरी मी एकटीच असते." दाराबाहेरून मावशी ओरडल्या, "मारलं नाही, घासलंय." पोटात रक्तस्राव होत होता. ठेवून घेतलं, रक्त चढवलं, गोळी बदलली. मावशी उशाशी बसून होत्या.

तुझी ताई,
श्यु-क्वेइ

ता. क. आईच्या थडग्यावरचं गवत कापतानाचा तुझा फोटो मिळाला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली आहे आणि खाली पायावर जांभळे डाग दिसताहेत. मेइ-चूला तू सांगितलंस की ते डाग घासल्याचे. नडगीवर कोणी घासत नाही, आ-श्यांग. गोळी मनाने बंद करू नकोस. आजच डॉक्टरला दाखव.

ता. क. हे पत्र मावशींच्या हाती देतेय. तुला इस्पितळात नेल्याशिवाय त्या हलणार नाहीत. फणी मी काढून घेतली आहे.