आबांचा उरलेला शब्द

३ मार्च
ठराव पास. गावात शिवी बंद. दिली तर मारुतीच्या देवळापुढचा पार झाडायचा. मांडला मी. हात आधी बायकांनी वर केले, मग लाजेकाजेस्तव पुरुषांनी. शेजारच्या सुमनचा हात सगळ्यांत उंच. तिच्या नवऱ्याच्या तोंडचं भिंतीपलीकडून आम्हालाही ऐकू येतं. ग्रा.पं. सदस्य झाल्यापासून आज पहिल्यांदा काहीतरी केल्यासारखं वाटलं. घरी येऊन आबांना सांगितलं. माझे सासरे. अंगावरून वारं गेल्यापासून वाचाच नाही. नुसते बघत राहिले.

७ मार्च
आबा बोलले! शंकरनाना, त्यांचा मेंढरांमागचा जुना सोबती, रोज येऊन बसतो. आज त्याच्या हातून आबांच्या धोतरावर चहा सांडला, आणि आबांच्या तोंडून स्वच्छ, "सुक्काळीच्या." नाना रडायलाच लागला. हे बेदाण्याच्या शेडवरून धावत आले, त्यांनाही तेच ऐकायला मिळालं. मी देवापुढं साखर ठेवली. शिवीसाठी साखर. कुणाला सांगायची सोय नाही.

९ मार्च
मिरजेला नेलं. वाचा शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, असं होतं. ठरवून बोलायचे शब्द जातात, जिभेच्या सवयीचे राहतात. कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी. अडवू नका, त्यालाच धरून बोलतं करा. येताना गाडीत ह्यांना हसू आवरेना. सदस्यबाई, आता ठरावाचं काय? मला नाही आलं हसू.

१४ मार्च
शब्द एकच, पण काय काय काम करून घेतात त्याच्याकडून. नाना दिसला की लांबवून, हसत. पाणी हवं असलं की तोडून. काल नानाची गाभण मेंढी दगावली. ते कळल्यावर इतक्या हळू म्हणाले, की मला वाटलं...

१७ मार्च
नाना आबांना पारावर घेऊन गेला. तिथं आबा बोलले, अर्थातच. पोरांनी ठरावाचा बोर्ड दाखवून चेष्टा केली. नानानं मुकाट झाडू घेतला. "शिवी त्येची, झाडू माझा. पर गड्याला बोलू द्या."
हे म्हणतात, आबांना सूट दे. दिली, तर सुमनचा नवराही उद्या म्हणेल, मी मायेनंच म्हणतो. तो दारू पिऊन तिच्या आईचा उद्धार करतो तोही ह्याच शब्दानं. संध्याकाळी सुमनलाच विचारलं. भांडी घासत म्हणाली, "आबांचा आयकला की हसू येतंय वैनी. ह्येचा आयकला की आतनं कडी घालती म्या. आता ह्ये ठरावात कसं लिवायचं, तुमी बघा."
लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या, दोन्ही खोडल्या.

२१ मार्च
आबा सगळ्यांशी बोलतात, माझ्याशी नाही. मी समोर गेले की ओठ घट्ट. तहान लागली तरी तांब्याकडं बोट. ठरावाचा राग धरलाय असं वाटत होतं, मीही मनातून फुगले होते. आज नानाजवळ मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आगं पोरी, राग न्हाई. येकच शब्द ऱ्हायलाय, त्यो सुनंला कसा म्हणंल त्यो?"
मोरीत जाऊन रडले. एवढं सगळं गेलं, आणि मर्यादा तेवढी राहिली. लय माया आली म्हाताऱ्याची.

२६ मार्च
मॅडमचा फोन. दिवसभर आबांजवळ तुम्हीच असता, तुमच्यापुढं गप्प राहिले तर जीभ पुन्हा धरेल, म्हणाल्या. फार दिवस हातात नसतात.
दुपारी घरात कुणी नव्हतं. आबांच्या पायाशी बसले. म्हटलं, "आबा, मला शिवी द्या. पार मी झाडीन." त्यांनी मान हलवली. नाही. म्हटलं, मग आज चहा नाही. तरी नाही. मग मला पुढं बोलवेना, पदर डोळ्याला लावला. तेव्हा त्यांचा चांगला हात माझ्या डोक्यावर आला. ओठ हलले.
"सू..."
थांबले. कपाळावर घाम. पुन्हा, "सू..."
सूनबाई म्हणायचे मला. पण त्या दुसऱ्या शब्दाचीही सुरुवात तीच. पुढचं काही आलं नाही.
मी ओ दिली.