पणजी दुसऱ्या पानावर मरते

आये, मी बोलते आणि तुझी पणती लिहून घेते. मला अक्षर येत नाही. तुलाही कुठं येत होतं, तेव्हा त्यावरून आपलं भांडण नाही. पोरीला बंगळूरच्या कॉलेजात नर्सिंग शिकायचंय. फॉर्मबरोबर निबंध मागितलाय, हेच का शिकायचं ते सांगा म्हणून. तो नापसंत झाला तर हिचा बाप हिला उजवून टाकायला बसलाच आहे.

तिनं तुझ्यावर लिहिलं. परवा सकाळी मी शेंगा फोडत होते, तेव्हा इंग्रजीतलं मराठीत करून वाचून दाखवलं. धुकं, मेंढरं, महाबळेश्वरच्या अंगानं कोकणात उतरणारी वाट, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. पहिलं पान सरलं तरी तू धडधाकट चालतेच आहेस. मी म्हटलं, "अगं, कवा मरती ती?"

"दुसऱ्या पानावर, आज्जी. वाचणाऱ्याला हळूहळू न्यायचं असतं. एकदम सांगितलं की कोरडं वाटतं."

"आणि तुला नर्स व्हायचंय ते?"

"शेवटच्या ओळीत."

"तवर तुझा वाचणारा जेवायला उठला असंल."

हसली, पण कागद मुडपला. मग मी तिला चुलतभावाचं सांगितलं. तीन दिवस ताप अंगावर काढून तू गेलीस, तेव्हा निरोप घेऊन तो औंधाकडून माधवनगरला आला. मालक, तुझे जावई, गिरणीत कामावर होते. हा उंबऱ्यात बसून तासभर बोलतोय, पाऊस न्हाई, लांडग्यानं दोन कोकरं नेली, आणि उठताना म्हणतोय, "आक्का, चुलतीला जरा बरं न्हाई. येऊन जा." मी पोरांना न्हाऊ घातलं, भाकरी बांधल्या, दुपारची एसटी धरली. लेकीसाठी माणसं दिवस मावळेपर्यंत थांबली होती. मी पोचले तेव्हा तुला मूठमाती देऊन हातपाय धूत होती. तुझं तोंड दिसलं नाही. "म्हणून पहिल्या ओळीत मेली म्हण," मी पोरीला सांगितलं, "नर्स व्हायचंय तेही तिथंच. मग सांग काय ती मेंढरं." तिनं धुकं काढलं, मेंढरं ठेवली. आज फॉर्म गेला. घेतील का नाही, कोण जाणे.

हे पत्र कुठं टाकायचं ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही, म्हणून बोलून टाकते. जन्मभर मी त्या भावाला बोल लावला, तोंडावरसुद्धा. बिचारा ऐकत ऐकत गेला. तुझ्याकडून माझ्या दारी कधी कोणी मोकळ्या हातानं आलं नाही, मूठभर मटकी तरी तू बांधून द्यायचीसच. त्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते. मी पाहिले. पाणी दिलं आणि पावसाचं मीच विचारलं. लांडग्याचंही मीच खोदून खोदून विचारलं. तो बोलत होता तोवर तू होतीस. हे पोरीला सांगितलं नव्हतं, आता तिच्याच हातानं लिहवून घेतेय.